शिसे कुजत नाही!

मंडळी, कल्याणहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलने तुम्ही कधी ना कधी गेला असाल. कुणाचा मुलगा घाटकोपरला कामाला असतो, कुणाची लेक मुलुंडला दिलेली असते, कुणाचा भाऊ अंधेरीच्या कारखान्यात असतो. गाडीत बसायला जागा मिळाली आणि खिडकीतून बाहेर पाहिले, की रुळांच्या कडेच्या चिंचोळ्या पट्टीत पालक, लाल माठ, मुळा आणि भेंडीचे वाफे वर्षानुवर्षे दिसत आलेले आहेत. सिमेंटच्या त्या जंगलात एवढे हिरवे दिसले, की शेतकऱ्याच्या जिवाला बरे वाटते.

पण शेतकऱ्याची नजर पिकावरून लगेच पाण्याकडे जाते. विहीर दिसत नाही, पाट दिसत नाही, मग हा पालक इतका तरारला कशावर? तर तो तरारतो शेजारच्या नाल्यावर. आणि त्या नाल्यात फक्त माणसांच्या वस्तीचे सांडपाणी असते असे नाही. वाटेतल्या लहानमोठ्या कारखान्यांचे, गॅरेजचे आणि मुलामा देण्याच्या दुकानांचे पाणीही त्यात मिसळलेले असू शकते.

तुम्ही म्हणाल, “अहो, आम्ही तर पिढ्यान् पिढ्या शेण, मूत, सोनखत शेतात घालत आलो. घाण मातीत गेली की तिचे सोने होते!” खरे आहे. पण मातीत गेल्यावर जिचे सोने होत नाही, अशीही एक घाण आहे. आज बोलायचे आहे ते तिच्याविषयी आणि तिच्याशी झुंजणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांविषयी.

कुजणारी घाण आणि न कुजणारी घाण

जिवाणू तुमच्या ओळखीचे आहेत. रात्री दुधाला विरजण लावता, सकाळी दही होते, ते काम जिवाणूंचे. उकिरड्यावर टाकलेल्या शेणाचे आणि पालापाचोळ्याचे खत होते, तेही त्यांचेच काम. हरभऱ्याचे किंवा भुईमुगाचे रोप उपटले की मुळांवर गाठी दिसतात. त्या गाठींत बसून हवेतले नत्र पिकाला देणारे जिवाणू तुम्ही पाकिटातून आणून बियाण्याला चोळलेलेही असतील.

कुजणे म्हणजे काय? पालापाचोळा असो की मेलेले जनावर, ते अनेक मूलद्रव्यांच्या जोडणीतून बनलेले असते. जिवाणू ती जोडणी तोडतात, त्यातून आपले पोट भरतात आणि उरलेले भाग हवेत, पाण्यात आणि मातीत परत जातात. बांधलेले घर पाडून त्याच्या विटा सुट्या कराव्यात, तसा हा प्रकार.

शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम, निकेल यांना जड धातू म्हणतात. हे धातू म्हणजे स्वतःच सुटी वीट आहेत. विटेचे आणखी काय पाडणार? शिसे आज मातीत पडले, तर तुमच्या नातवाच्या काळातही ते शिसेच राहील. त्याला कीड लागत नाही, ऊन जाळत नाही, जिवाणू कुजवत नाहीत.

याचे एक उदाहरण सर्वांच्या माहितीतले आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत असत. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशात सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल आले, ते फार चांगले झाले. परंतु त्याआधी कित्येक वर्षे मोटारींच्या धुरातून जे शिसे रस्त्याकडेच्या मातीवर बसले, त्याचे पुढे काही खत झाले नाही. धूर थांबला तरी मातीतले शिसे मातीतच राहिले.

या धातूंपैकी जस्त आणि तांबे थोड्या प्रमाणात पिकालाही लागते आणि आपल्यालाही. पण शिसे, पारा आणि कॅडमियम यांची शरीराला काडीचीही गरज नाही. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठत जाते आणि पुढे हाडे ठिसूळ करते. हे विष सापाच्या विषासारखे तासाभरात कळत नाही. ते घासाघासाने साठते, म्हणून त्याची भीती अधिक.

मिठीच्या पोटात काय आहे?

आता मुंबईच्या उपनगरांतल्या एका नदीकडे जाऊ. तिचे नाव मोठे गोड आहे, मिठी. विहार आणि पवई या तलावांचे भरून वाहणारे पाणी एकत्र येऊन ती निघते. आरे, मरोळ, साकीनाका, विमानतळ, कुर्ला अशी वळणे घेत सुमारे १८ किलोमीटरवर माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि याच मिठीने काठच्या हजारो घरांत पाणी घातले. तेव्हा कुठे अनेक मुंबईकरांना कळले, की आपण जिला नाला समजत होतो ती नदी आहे!

साकीनाका ते कुर्ला या पट्ट्यात भंगाराचा मोठा धंदा आहे. तेलाचे आणि रसायनांचे पिंप धुऊन पुन्हा विकणारे, जुन्या वस्तू वितळवणारे, लोखंडावर चकाकी चढवणारे असे असंख्य लहान उद्योग तिथे वाढले. हजारो कुटुंबांची चूल त्यांच्यावर पेटते, हेही विसरून चालणार नाही. पण त्या धुण्याचे पाणी शेवटी नदीतच आले. मिठीच्या पाण्याच्या आणि गाळाच्या ज्या तपासण्या झाल्या, त्यांत शिसे, क्रोमियम, तांबे, जस्त असे धातू आढळले आहेत.

नदीच्या अशा काळ्या, उग्र वासाच्या गाळात मासे टिकत नाहीत. पण जिवाणू टिकतात. केवळ टिकतात असे नाही, तर चांगले वाढतात. हे कसे?

कापसावरची बोंडअळी आठवा. एकच औषध वर्षानुवर्षे फवारले, की त्या औषधाला दाद न देणाऱ्या अळ्या तेवढ्या मागे राहतात आणि पुढच्या पिढीत त्याच वाढतात. जिवाणूंचेही तसेच होते. ज्या थोड्यांच्या अंगी धातूला तोंड देण्याची युक्ती असते ते जगतात, बाकीचे मरतात. आणि जिवाणूंची एक सोय अळीलाही नाही. शेजाऱ्याकडून मूठभर बियाणे उसने आणावे, तशी ही युक्ती एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो, मग तो दुसऱ्या जातीचा असला तरी चालते. म्हणून अशा ठिकाणी त्यांची संख्या झपाट्याने वाढते.

गोव्यात दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील डॉ. एन. रामय्या आणि जयशंकर डे यांनी भारताच्या किनाऱ्यालगतचे पाणी तपासले. पाऱ्याला न जुमानणाऱ्या जिवाणूंची संख्या तिथे अनपेक्षितपणे वाढलेली त्यांना दिसली, आणि २००३ मध्ये त्यांनी ती गोष्ट जगापुढे मांडली. याचा अर्थ दुहेरी आहे. असे जिवाणू वाढले म्हणजे पाण्यात विष वाढल्याची ती खूण आहे. आणि त्याच जिवाणूंकडे विषावरचा काही उपायही आहे. त्यांच्यातले काही जिवाणू पाण्यातला पारा उडवून लावतात, तर कॅडमियम आणि शिसे पाण्यातून बाजूला काढतात, असे याच शास्त्रज्ञांना पुढे आढळून आले.

जिवाणूंच्या चार युक्त्या

हे जिवाणू नेमके करतात काय? त्यांच्या चार मुख्य युक्त्या आहेत.

पहिली युक्ती, चिकटवून धरण्याची. ओढ्यातल्या दगडावर पाय ठेवला की तो घसरतो, कारण दगडावर बुळबुळीत थर असतो. त्या थरात जिवाणूंची वस्ती असते आणि तो बुळबुळीतपणा बराचसा त्यांनीच निर्माण केलेला असतो. पाण्यात विरघळलेले धातूचे कण या थराला आणि जिवाणूंच्या अंगाला चिकटून बसतात. गुळाला माशी चिकटावी तसे! गंमत म्हणजे मेलेले जिवाणूदेखील हे काम करतात.

दुसरी युक्ती, घराबाहेर काढण्याची. काही जिवाणूंच्या अंगात जणू लहानसे पंप बसवलेले असतात. कॅडमियमसारखा धातू आत शिरला, की ते त्याला बाहेर फेकतात. यात जिवाणूचा जीव वाचतो, पण पाणी मात्र होते तसेच राहते. म्हणून ही युक्ती त्याच्या कामाची आहे, आपल्या नाही.

तिसरी युक्ती, साका करण्याची. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गढूळपणा तळाशी बसतो, हे तुम्ही जाणता. काही जिवाणू पाण्यातल्या धातूचे असेच करतात. हवा नसलेल्या चिखलात राहणारे जिवाणू गंधकाचा एक वायू तयार करतात. भाताच्या खाचरातला चिखल तुडवताना कधी कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तोच तो वायू. हा गंधक धातूला भेटला, की दोघांचा मिळून न विरघळणारा काळा किंवा रंगीत साका होतो आणि तळाशी बसतो. न विरघळणारी वस्तू मुळे सहजी शोषत नाहीत.

चौथी युक्ती, रूप बदलण्याची. लोखंडावर चकाकी चढवण्याच्या कामात पिवळे क्रोमियम वापरतात. ते पाण्यात सहज विरघळते, अंगात शिरते आणि कर्करोगाला कारण ठरते. काही जिवाणू त्याचे रूपांतर हिरवट क्रोमियमात करतात. हे दुसरे क्रोमियम पाण्यात फारसे विरघळत नाही आणि पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी विषारी असते. धातू तोच, पण दात पाडलेल्या सापासारखा! पाऱ्याच्या बाबतीत जिवाणू विरघळलेल्या विषारी पाऱ्याचा पुन्हा साधा, चकचकीत, थर्मामीटरमधल्यासारखा पारा करतात आणि तो वाफ होऊन हवेत उडून जातो.

ठाण्याच्या खाडीचे पहारेकरी

तिसरी युक्ती डोळ्यांनी पाहायची असेल तर मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर यांच्या पूर्वेला ठाण्याच्या खाडीकाठी जा. तिथे तिवरांचे दाट रान आहे. हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी तिथल्या चिखलावर उतरतात. या खाडीतल्या रोहित अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर पाणथळ म्हणून जागतिक मान मिळाला. तिवरांच्या मुळांखालचा तो काळाशार, वासाचा चिखल पाहून शहरी माणूस नाकाला रुमाल लावतो. पण त्या चिखलातच गंधकाचे जिवाणू बसलेले असतात. शहरातून वाहत आलेला धातू साका करून खाली दाबून ठेवण्याचे काम ते भरती-ओहोटीगणिक करीत असतात.

म्हणूनच तिवरे तोडून भराव घालणे हे दुहेरी नुकसान आहे. झाड तर जातेच, पण तो चिखल उकरून उघड्या हवेवर पसरला, की साक्यात अडकलेला धातू हळूहळू पुन्हा सुटतो. ही गोष्ट मनात पक्की ठेवा, कारण पुढे तुमच्या शेताच्या बाबतीतही ती कामाला येणार आहे.

माणसाने त्यांना कामाला लावले

जिवाणू हे काम करतात असे कळल्यावर माणूस गप्प कसा बसेल? नेदरलँड्समधील बुडेल गावी जस्ताचा मोठा कारखाना आहे. तिथे जमिनीखालचे पाणी जस्ताने बिघडले होते. १९९२ पासून ते पाणी उपसून गंधकाचे जिवाणू पाळलेल्या टाक्यांतून सोडण्यात येऊ लागले. जस्ताचा साका तळाशी बसतो आणि तो पुन्हा भट्टीत घालून जस्त काढतात. जर्मनीत २००० सालाच्या सुमारास पाऱ्याच्या सांडपाण्यावर असाच प्रयोग मोठ्या टाकीत झाला. जिवाणूंनी बनवलेला पारा हवेत न सोडता थेंबाथेंबाने टाकीतच अडवला गेला.

आपल्या मुंबईतही असे काम झाले आहे. घाटकोपर आणि चेंबूरच्या पुढे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. अणुभट्टीच्या सांडपाण्यात युरेनियमसारखे धातू थोड्या प्रमाणात असतात आणि त्यात किरणोत्सर्गही असतो. तिथे साधे जिवाणू टिकायचे नाहीत. १९५६ मध्ये अमेरिकेत एक चमत्कारिक जिवाणू सापडला होता. डब्यातले मांस टिकावे म्हणून त्यावर किरणांचा मारा केला, तरी ते मांस नासले. शोध घेतला तेव्हा किरणांनाही पुरून उरलेला हा जिवाणू सापडला. भाभा केंद्रातील डॉ. श्रीकुमार आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बळकट जिवाणूत दुसऱ्या एका जिवाणूचे जनुक घातले. त्यामुळे तो युरेनियमचा साका करू लागला. प्रयोगशाळेतील द्रावणातून सहा तासांत ९० टक्क्यांहून अधिक युरेनियम त्याने खाली बसवले. हे काम २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. काटक गावठी गाईला दुधाळ वळूचा संकर करावा, तशीच ही कल्पना. एकाचा काटकपणा आणि दुसऱ्याचा गुण एकत्र आणायचा.

पण धातू जातो कुठे?

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, “वा! मग चिंता कसली? जिवाणू सोडा आणि मोकळे व्हा!” थांबा. सगळ्या लेखाचे मर्म इथेच आहे.

वरची प्रत्येक युक्ती पुन्हा नीट पाहा. चिकटवला तरी धातू जिवाणूच्या अंगावर आहे. बाहेर फेकला तरी पाण्यात आहे. साका केला तरी चिखलात आहे. उडवला तरी हवेत आहे आणि तिथून पुन्हा पावसाबरोबर खाली येणार आहे. धातू नाहीसा झाला, असे एकाही युक्तीत होत नाही. बुडेलच्या कारखान्यात काम साधले, कारण तिथे टाकी होती, तळाला बसलेला साका रोज काढून घ्यायची सोय होती आणि तो घेऊन जायला भट्टी होती. तुमच्या आमच्या शेताला टाकीसारखा तळ नाही. शेतात जे आले ते शेतात राहिले.

म्हणून उद्या कुणी “धातू खाऊन टाकणाऱ्या जिवाणूंचे पाकीट” घेऊन दारात आला, तर त्याला एकच प्रश्न विचारा : “खाल्लेला धातू मग जातो कुठे?” त्याला उत्तर देता येणार नाही.

शिवाय जिवाणू काही आपले चाकर नाहीत. ते आपला जीव जगवतात. त्यात कधी आपले भले होते, कधी वाईटही होते. जपानमधील मिनामाता गावची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९५६ मध्ये तिथे विचित्र आजार उघडकीस आला. कारखान्याच्या सांडपाण्यातून एक फार विषारी जातीचा पारा समुद्रात जात होता, तो माशांत साठला आणि मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांच्या मज्जातंतूंवर घाला पडला. आईच्या पोटातली बाळेही त्यातून सुटली नाहीत. त्या जातीचा पारा तिथे कारखान्यातून आला होता. पण तळाच्या चिखलातले काही जिवाणू साध्या पाऱ्यापासून तसाच विषारी पारा बनवू शकतात, हे पुढे लक्षात आले. एका जातीचा जिवाणू विष उतरवतो, तर दुसऱ्या जातीचा चढवतो!

भातशेतकऱ्यांसाठी जपानचाच दुसरा धडा

दुसरी गोष्ट तर थेट आपल्यासारख्या भात पिकवणाऱ्यांची आहे. जपानच्या तोयामा भागात जिन्झू नावाची नदी आहे. वरच्या अंगाला खाण होती. खाणीचे पाणी नदीत आणि नदीचे पाणी भाताच्या खाचरांत येत असे. त्यातून कॅडमियम तांदळात उतरले. वर्षानुवर्षे तो भात खाऊन कित्येकांची, त्यातही अनेक बाळंतपणे झालेल्या वयस्क बायकांची, हाडे इतकी ठिसूळ झाली, की खोकला आला तरी मोडावीत. रोगाचे नावच पडले “इताई-इताई”. आपल्याकडे दुखल्यावर “आई गं, आई गं” म्हणतात, तसेच ते. १९६८ मध्ये जपान सरकारने हा प्रदूषणाने झालेला रोग असल्याचे मान्य केले. पुढे बिघडलेल्या शेतांची वरची माती बदलावी लागली. ते काम ३० वर्षांहून अधिक काळ चालले आणि २०१२ मध्ये संपले. विचार करा. खाणीचे पाणी शेतात यायला एक पाट पुरला, आणि ते निस्तरायला एक पिढी गेली.

पण जपानच्या शेतकऱ्यांना जिवाणूंची मदतही झाली. खाचरात पाणी भरून असले, की चिखलात हवा राहत नाही आणि गंधकाचे जिवाणू कॅडमियमचा साका करून ठेवतात. पाणी सोडून दिले, की माती तडकते, हवा आत शिरते, साका सुटतो आणि नेमका दाणा भरतानाच कॅडमियम पिकात चढतो. म्हणून अशा बिघडलेल्या खाचरांत भात निसवण्याच्या आधी आणि नंतर सुमारे तीन-तीन आठवडे पाणी हटू द्यायचे नाही, अशी रीत तिथे पाडली गेली. तिवरांच्या चिखलाची मघाची गोष्ट आठवली का? तीच ही. मात्र ज्या मातीत आर्सेनिक असते तिथे उलटे घडते. तिथे पाणी तुंबवले तर आर्सेनिक भातात अधिक चढते. म्हणून मातीत नेमके काय आहे हे तपासल्यावाचून अशी युक्ती स्वतःच्या मनाने करू नये.

आपल्या घरी, आपल्या शेतात

आता तुम्ही म्हणाल, “हे सारे मुंबईचे. आमच्या गावात कुठला आला कारखाना?” घराबाहेर या आणि उकिरड्याकडे नजर टाका. संपलेले सेल, फुटलेली ट्यूबलाइट, जुना थर्मामीटर, रंगाचा डबा यांतले काहीतरी तिथे सापडेलच! ट्यूब आणि थर्मामीटरमध्ये पारा असतो. रिचार्ज होणाऱ्या काही सेलमध्ये कॅडमियम असते. ट्रॅक्टरच्या बॅटरीत शिसे असते. शेणाचे खत झाले तरी हे धातू तसेच राहतात, आणि वैशाखात उकिरडा शेतात पसरला की तेही शेतात पसरतात. म्हणून या गोष्टी आजपासून पाळा.

सेल, ट्यूब, बॅटऱ्या यांच्यासाठी घरात वेगळा डबा ठेवा. तालुक्याला जाल तेव्हा अशा वस्तू घेणाऱ्या दुकानात किंवा केंद्रात द्या. बॅटरी घरी फोडून शिसे वितळवण्याचा उद्योग कधीही करू नका, त्या धुराजवळ मुलांना तर मुळीच जाऊ देऊ नका.

शहरी कचऱ्याचे कंपोस्ट स्वस्त मिळाले म्हणून डोळे मिटून घेऊ नका, तपासणीचा दाखला मागा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे अशा खतात दर किलोला जास्तीत जास्त शिसे १०० मिलिग्रॅम, क्रोमियम ५०, निकेल ५०, आर्सेनिक १०, कॅडमियम ५ आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम इतकेच चालते.

धरणातला गाळ शेतात टाकण्यासाठी २०१७ मध्ये शासनाने योजना काढली. तो गाळ तुमच्याच डोंगरावरची वाहून गेलेली माती आहे, तो जरूर घ्या. पण शहरातल्या नदीचा, नाल्याचा किंवा औद्योगिक वसाहतीजवळच्या ओढ्याचा गाळ कुणी फुकट आणून टाकतो म्हणाला, तरी बांधावरूनच परत पाठवा.

शेत औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला असेल, तर माती आणि पाणी तपासून घ्या. मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह वगैरे असते; शिसे, कॅडमियम, पारा नसतो. तो वेगळा सांगून तपासून घ्यावा लागतो. कोणत्या प्रयोगशाळेत होईल, हे कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

तपासणीत धातू आढळला तर घाबरून जमीन टाकू नका. पालक, माठ यांसारख्या पालेभाज्या तिथे घेऊ नका, कारण कॅडमियम पानांत सहज चढते. कोकणासारख्या आम्ल मातीत सल्ल्याप्रमाणे चुना घातला, की कॅडमियम मुळांना कमी मिळते. चांगले कुजलेले शेणखत धातूला धरून ठेवते आणि भल्या जिवाणूंनाही जगवते. दुखरा पाय वापरून चालावे, पण त्यावर ओझे देऊ नये, तसे त्या जमिनीशी वागा.

आणि भगिनींनो, भाजी कुठून आली हे माहीत नसेल तर ती वाहत्या पाण्यात दोन-तीनदा खळखळून धुवा. पानांवर बसलेल्या धुळीतले शिसे त्याने पुष्कळसे जाते. मुळातून आत चढलेले मात्र धुऊन जात नाही. मुंबईला लेकीकडे जाताना घरच्या मळ्यातली जुडीभर मेथी नेता ना? ती नेत चला. तिथे तिची किंमत तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे.

जिवाणू आपल्या पायांखाली रात्रंदिवस काम करीत आहेत. मिठीच्या गाळात, तिवरांच्या चिखलात, तुमच्या खाचरात ते विष बांधून ठेवतात. त्यांनी बांधलेले गाठोडे आपण सोडू नये, आणि त्यात रोज नवी भरही घालू नये. एवढे जरी आपण सांभाळले, तरी आजोबांनी आपल्या हाती दिली तशीच माती आपण नातवंडांच्या हाती देऊ.